घरचें यंत्रज्ञान : एका पत्त्याचे दोन धनी

आमच्या घरीं दर रविवारीं सायंकाळीं थोरल्या वहिनी परदेशीं असलेल्या आपल्या मुलीशीं टॅब्लेटवर बोलतात. सबंध आठवड्यांत त्यांचा असा हाच एक तास. मध्यंतरीं हें बोलणें वरचेवर तुटूं लागलें. त्याच वेळीं माझा धाकटा पुतण्या संगणकावर खेळत असे. तेव्हां दोष त्याचाच, असें मीं ठरविलें आणि सर्वांदेखत त्याला चार शब्द सुनावले. तो कांहीं बोलला नाहीं. त्याचें खेळणें बंद झालें, बोलणें तुटणें मात्र चालूच राहिलें! खरें कारण शोधतां शोधतां जें कळलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहें.

राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक अंकमय पत्ता लागतो. १९८१ सालीं मुक्रर झालेल्या व अजूनहि घरोघर चालणाऱ्या पद्धतींत तो चार आंकड्यांचा असतो. प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधला. असे एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटि. ते जगाला पुरेनात, म्हणून कांहीं पत्ते खासगी वापरासाठीं राखून ठेविले आहेत, १९२.१६८ नें आरंभ होणारे त्यांपैकींच. शेजाऱ्याच्या घरीं तोच पत्ता असला तरी बाध नाहीं. एका घरांत मात्र तो दोघांचा असतां कामा नये.

यंत्राच्या सेटिंगमध्यें मुख्य रकाने चार. पहिला पत्त्याचा. दुसरा सबनेट मास्क. घरीं तो बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. त्याचा अर्थ असा कीं, पत्त्याचे पहिले तीन आंकडे हें जणूं घराचें आडनांव, तें सर्वांचें एकच; शेवटचा आंकडा तेवढा ज्याचा त्याचा. तिसरा गेटवे, म्हणजे घराचा दिंडीदरवाजा. तेथें राउटरचा स्वतःचा पत्ता येतो. चौथा डीएनएस, म्हणजे स्थळाचें नांव सांगितलें असतां त्याचा अंकमय पत्ता सांगणारा माहितगार. गेटवे चुकला तर घरांतल्या घरांत छापणें चालतें, पण बाहेरचें जग बंद. डीएनएस चुकला तर रस्ता मोकळा असूनहि नांवानें कोणतेंच स्थळ उघडत नाहीं. पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर यंत्रानें पत्ता मागितला पण कोणीं दिला नाहीं असें समजावें, व आधीं राउटरकडे पाहावें.

एरव्हीं हे चारहि रकाने राउटरकडूनच भरून येतात. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. तींत पत्ता बहुधा ठराविक मुदतीनें मिळतो. नव्या प्रिंटरचा पत्ता बदलूं नये म्हणून मीं तो आपल्या हातानें १९२.१६८.१.५ असा लिहून टाकिला. राउटरला याची वार्ताहि नाहीं! प्रिंटर बहुतेक वेळ बंद असे. राउटरनें ती जागा रिकामी समजून वहिनींच्या टॅब्लेटला दिली. रविवारीं सायंकाळीं मी आठवड्याचे हिशेब छापावयास बसें, आणि एका पत्त्याचे दोन धनी उभे राहात.

हें शोधून काढिलें पुतण्यानेंच. राउटरच्या यादींत टॅब्लेटपुढें जो पत्ता होता, तोच प्रिंटरच्या पटलावर त्यानें मला दाखविला.

उपाय दोन आहेत. राउटरमध्यें वाटपाची मर्यादा, उदाहरणार्थ, १०० ते २०० अशी घालावी, आणि हातानें दिलेले पत्ते तिच्या बाहेरचे ठेवावे. किंवा यंत्र आपोआप पत्ता घेईल असें ठेवून, त्याच्या मॅक पत्त्याच्या आधारें राउटरमध्येंच एक जागा त्याच्यासाठीं राखून ठेवावी. दुसरा उपाय अधिक सोयीचा. कारण सारी नोंद एके ठिकाणीं राहते. आम्हीं तोच केला, आणि पुढल्या रविवारीं वहिनींचें बोलणें एकदांहि तुटलें नाहीं.

त्या रात्रीं पानावर बसल्यावर मीं सर्वांदेखत पुतण्यापाशीं चूक कबूल केली. बोल चारचौघांत लाविला होता, तो चारचौघांतच परत घेणें प्राप्त होतें. तो एवढेंच म्हणाला, "काका, पुढच्या वेळीं आधीं यादी पाहूं या." ती यादी आतां राउटरशेजारीं भिंतीवर लाविलेली आहे.