चेंबरचा नट पाहूनच ट्रॅक्टर हंगामाला जुंपा



गळीत हंगाम जवळ आला की गटागटांतून तोड, टोळी, मुकादम आणि उचल यांचीच चर्चा सुरू होते. ती व्हावी, हे रास्तच आहे. परंतु तोडलेला ऊस ज्या ट्रॅक्टरने गव्हाणीपर्यंत यायचा, त्या ट्रॅक्टरच्या पोटात काय चालले आहे याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, ऑइल बदलताना चेंबरचा नट मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही ट्रॅक्टर ऊसवाहतुकीच्या करारात घेऊ नये. यंत्र हा शेतकी खात्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण वाहन बंद पडून ऊस फडात वाळू लागला की सभासद आमच्याच दारात येतो. सबब हा विषय आमचाही आहे.

इंजिनाच्या तळाशी ऑइलचे चेंबर असते व त्याला खालून ऑइल काढण्याचा नट असतो. पुष्कळ मोटारींत व ट्रॅक्टरांत, विशेषतः गिअरबॉक्सला, या नटाच्या टोकाशी लोहचुंबक बसविलेला असतो. ऑइलबरोबर फिरणारे लोखंडाचे कण तो धरून ठेवतो. साखर कारखान्यातही हीच युक्ती वापरतात. उसाच्या पट्ट्यावर मोठा लोहचुंबक टांगलेला असतो. मोळीतून आलेला कोयता, साखळीची कडी किंवा बोल्ट तो वरच्यावर उचलतो, म्हणून पुढच्या यंत्राचे हातोडे आणि रोलर वाचतात. फरक इतकाच, की तिथला लोहचुंबक बाहेरून आलेले लोखंड पकडतो आणि नटावरचा लोहचुंबक इंजिनाचे स्वतःचे झिजलेले अंग पकडतो.

आता नटावर काय दिसते ते पाहू. मऊ, काळपट-करडी, काजळासारखी भुकटी थोडीशी चिकटलेली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. लोखंडावर लोखंड फिरले की एवढी झीज व्हायचीच. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या ऑइलमध्ये तर ती जास्तच निघते, कारण भाग एकमेकांवर घासून बसत असतात. म्हणूनच कंपन्या पहिले ऑइल लवकर बदलायला सांगतात. मात्र भुकटी पांढऱ्या फडक्यावर पुसली असता कचकच लागली, त्यात चमकणाऱ्या खपल्या, सुईसारखे तुकडे किंवा गिअरच्या दात्याचा कपचा दिसला, तर ते दुखणे समजावे व मिस्त्रीला दाखविल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. लोहचुंबक फक्त लोखंड धरतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, बेअरिंगच्या वाट्यांवर तांबे, शिसे, कथील यांचे थर असतात आणि काही बुश काशाचे असतात. यांचे कण नटाला चिकटत नाहीत. तेव्हा नट स्वच्छ निघाला म्हणून निर्धास्त होऊ नये. काढलेले ऑइल उथळ भांड्यात घेऊन उन्हात तिरपे करून पाहावे. सोनेरी किंवा पांढरट चमक दिसली तर बेअरिंग बोलते आहे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे.

आपल्या वाशिम-रिसोड भागात या तपासणीची निकड अधिक आहे, असे आम्हांस वाटते. आपला जिल्हा सोयाबीनचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास हेच ट्रॅक्टर मळणीयंत्राला जोडून दिवसदिवस भुसकटात आणि धुळीत उभे असतात. सोयाबीन निघाले की ट्रॉली जोडून सरळ उसाच्या फडात! एअर क्लीनर मात्र तसाच तुंबलेला. धुळीतली बारीक वाळू लोखंडालाही ओरखडे काढते. क्लीनरची जाळी किंवा जोडाची रबरी नळी फाटलेली असली की ती वाळू थेट लायनर आणि रिंगांपर्यंत पोचते. मग नटावर भुकटीचा थर वाढतो. म्हणजे दुखणे दिसते खाली नटावर आणि त्याचे मूळ असते वर एअर क्लीनरमध्ये. गिअरबॉक्सच्या नटावर कपचे आले, तर मात्र जोडलेल्या ट्रॉल्या आणि त्यांत भरलेले टन आधी तपासावेत.

नट पाहा म्हटले की हमखास उत्तर येते, "साहेब, ट्रॅक्टर चालू हाये ना? मंग नट कायले पाह्यचा?" ज्या शेतकऱ्याने शेण पाहून बैलाच्या पोटाचे दुखणे ओळखले आणि दात पाहिल्याशिवाय बाजारात बैलाचा सौदा केला नाही, त्याने हा प्रश्न विचारावा याचे नवल वाटते. वाशिमवरून जाणाऱ्या पूर्णा-अकोला मार्गावर वर्षानुवर्षे डिझेल इंजिने धावली. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये अशा इंजिनांच्या ऑइलचे नमुने काढून त्यात लोखंड किती, तांबे किती, शिसे किती हे प्रयोगशाळेत पाहण्याची पद्धत आहे. विमानांच्या व हेलिकॉप्टरच्या इंजिनांत तर असा लोहचुंबकी नट असतो, की त्यावर पुरेसे कण जमले की विजेचा जोड पूर्ण होऊन वैमानिकासमोर दिवा लागतो. आपल्याला प्रयोगशाळा नको आणि दिवाही नको. फडके, ऊन आणि डोळे पुरेत.

दुसरा आक्षेप असा की, ट्रॅक्टर आमचा, हप्ते आमचे, मग कारखान्याने त्याच्या पोटात का डोकवावे? याला आमचे उत्तर असे. ट्रॅक्टर एकट्याचा असला तरी तो बंद पडल्याचा भुर्दंड एकट्याला बसत नाही. तोडलेल्या उसाचे वजन तासातासाला घटते, साखर उतरते, आणि हे नुकसान ऊसवाल्या सभासदाचे. तोडणी टनावर असते, म्हणून वाहन नाही त्या दिवशी टोळीच्या हाती काही पडत नाही. घरदार सोडून फडावर आलेल्या बाया-माणसांनी दुसऱ्याच्या इंजिनापायी बसून का राहावे?

मात्र एक गोष्ट आम्ही तितक्याच ठामपणे सांगू. नटावर भुकटी दिसली म्हणून करार नाकारणे किंवा दंड करणे सर्वथा चुकीचे ठरेल. तसे केले तर प्रत्येक जण नट पुसूनच आणील आणि तपासणीचा केवळ देखावा उरेल. नट पाहणे सक्तीचे असावे, शिक्षा नसावी. खपल्या वा कपचे निघाले, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या ट्रॅक्टरचा फेरा दुसऱ्याला द्यावा व दुरुस्तीनंतर तो मूळ मालकाला परत मिळावा. कारखान्याने गट कार्यालयावर हंगामापूर्वी आपले फिटर बसवावेत आणि मालकाच्या देखत हे काम करून द्यावे.

मालकांनी करावयाचे ते असे. ऑइल बदलताना स्वतः हजर राहावे आणि मिस्त्रीला आधीच सांगावे, "नट पुसू नको, आधी मले दाखव." इंजिन बंद, जमीन सपाट आणि ऑइल कोमट असावे, कढत ऑइलने हात भाजतो. नट परत बसविताना वायसर पाहून घ्यावा. एका वहीत तारीख, तासांचा आकडा आणि नटावर काय दिसले, एवढे लिहावे. एकदा पाहून फारसे कळत नाही. मागच्या वेळेपेक्षा थर वाढला का, हे वहीच सांगते. नटाला लोहचुंबक नसेल तर त्याच आट्याचा, लोहचुंबक असलेला नट मिळतो का, ते पाहावे.

पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो आणि दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडूची माळ घालतो. या दसऱ्याला माळ जरूर घालावी. पण त्याआधी एअर क्लीनर धुवून ऑइल काढून नट पाहावा, आणि मळणी आटोपताच क्लीनर पुन्हा एकदा धुवावा. येत्या सर्वसाधारण सभेत कोणी सभासदाने हा विषय मांडला, तर शेतकी खाते त्याच्या पाठीशी उभे राहील. सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे.

— ऊस विकास अधिकारी