परदेशी सराव कुणासाठी?

भावी शिक्षकांनी काही आठवडे परदेशातील शाळेत सराव करावा, या कल्पनेला नाक मुरडण्याचे कारण नाही. बी.एड. दोन वर्षांचे करणाऱ्या २०१४ च्या नियमावलीने २० आठवड्यांची आंतरवासिता सक्तीची केली. त्यातले चार आठवडे परदेशात गेले तर बिघडत नाही. प्रश्न आहे तो कोण जाणार आणि काय शिकून येणार हा.

काय शिकायचे, ते कोल्हापूर जिल्ह्यातच दिसते. हातकणंगले तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुले फडाजवळच्या खोपीत येतात. हंगाम संपला की जातात. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या घरात हिंदी, कन्नड बोलली जाते आणि वर्गात फळ्यावर मराठी असते. स्थलांतरितांच्या मुलांना ब्रिटन-कॅनडातील शाळा कशा सामावून घेतात, हे पाहायला अवश्य पाठवा. नुसत्या चकचकीत इमारती पाहण्यासाठी नको.

दुसरा मुद्दा पैशाचा. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी आहे, बी.एड.च्या सरावाला तिचा उपयोग नाही. मग ऐपतदारांचीच पोरे विमानात बसणार.

शिवाजी विद्यापीठाने गुणवत्ता आणि गरज पाहून मोजक्या जागा ठेवाव्यात, खर्च उचलावा. अट एकच: आधी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या साखरशाळेत सराव, मग परदेश.