मोरी आणि महामार्ग

चाळीसगाव–कन्नड रस्त्यावरील औट्रम घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी झाली, ती वाहनकोंडीने माणसांचे हाल होत म्हणून. लगतच्या गौताळा अभयारण्यातील बिबट्यांना लाभलेला दिलासा हा निव्वळ योगायोग!

योगायोगावर विसंबण्याचे कारण नाही. नागपूर–शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात नऊ ठिकाणी वाहने वरून व जनावरे खालून जातील अशी रचना आहे. त्यांतील सर्वांत लांब पूल साडेसातशे मीटरचा. त्यांखालून जाणारे वाघ कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. खर्च प्रचंड, हे खरे. खानदेशात असे पूल जागोजाग उभारा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु भुसावळ–मुक्ताईनगर चौपदरी रस्त्याखाली नाल्यांच्या मोऱ्या बांधलेल्याच आहेत. कोल्ह्याला, रानमांजराला, साळिंदराला तेवढी वाट पुरते. मात्र ती गाळाने तुंबलेली नसावी, आणि जनावर रस्त्यावर न चढता मोरीकडे वळावे इतपत कुंपण दोन्ही अंगांस हवे. त्यावाचून मोरी व्यर्थ.

घाटात प्रश्न रात्रीचा आहे. बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा मोजकी वाहने वगळता रस्ता बंद असतो. औट्रम घाटात निदान रात्रीची वेगमर्यादा तरी काटेकोरपणे पाळली जावी, एवढी मागणी अवास्तव खासच नाही.