स्पर्धा हा उत्सव, सराव हे व्रत

आपला समाज उत्सवप्रिय आहे. एखाद्या उपनगरात किंवा तालुक्याच्या गावी मुलांची फुटबॉल स्पर्धा भरते, तेव्हा वर्गणी जमते, मंडप उभा राहतो, चषक झळकतात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते नाणेफेक होते. हे सारे हवेच. त्यावाचून खेळात रंग भरत नाही. परंतु बक्षीस समारंभ आटोपून मंडप उतरला की दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर कोण उभे असते, हा खरा प्रश्न आहे. मुलांचा क्लब उभा राहतो तो या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसामुळे.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा विषयाचे अध्यापन केलेले विजय बारसे यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. २००१ सालच्या पावसाळ्यात वस्तीतील काही मुले भर पावसात एक फुटकी बादली पायांनी ढकलत खेळत असलेली त्यांनी पाहिली. अशी दृश्ये आपण सारेच पाहतो, क्षणभर हळहळतो आणि छत्री सावरीत पुढे जातो. बारसे सरांनी त्या मुलांना खरा चेंडू दिला. ही मुले जितका वेळ चेंडूमागे धावतात, तितका वेळ व्यसनांपासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ ही चळवळ जन्मली. त्यांनी आयोजित केलेल्या स्पर्धेत १२८ संघ उतरले. निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी त्यांनी नागपूरजवळ मुलांसाठी जागा घेण्यात घातली. २०१० साली रिओ द जानेरो येथे झालेल्या बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या संघाचे नेतृत्व नागपूरच्या वस्तीतून आलेल्या तरुणाने केले. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने, या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटाने ही कथा घराघरांत पोहोचवली.

कौतुक झाले, ते उचितच झाले. परंतु कौतुकाचा एक धोका असतो. माणसाला एकदा थोर म्हटले की त्याच्यासारखे वागण्याच्या जबाबदारीतून आपण मोकळे होतो. ‘त्यांचे काही औरच’ हे वाक्य आदराचे वाटते; वास्तविक ती एक पळवाट असते. पुरस्काराचे क्षण मोजके असतात. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांच्या साध्या, कंटाळवाण्या कामांच्या राशी असतात.

ही कामे कोणती? पावसानंतर मैदानातील दगडकाचा वेचणे. चुन्याच्या रेषा आखणे. चेंडूत हवा भरणे, उसवलेली जाळी शिवणे. वयोगटाच्या नोंदणीसाठी प्रत्येक मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत गोळा करणे आणि दाखलाच नसेल तर त्याच्या पालकांबरोबर कार्यालयात खेटे घालणे. प्रवासाला निघताना मुले मोजणे, परतल्यावर पुन्हा मोजणे. दहावीच्या वर्षी ‘आता खेळ बंद’ म्हणणाऱ्या वडिलांशी शांतपणे बोलणे. मुलींचा संघ काढायचा तर कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली आणि सोबतीला जबाबदार महिला कार्यकर्ती मिळवणे. शिवाय पै-पैचा हिशेब लिहून ठेवणे. यांपैकी एकाही कामासाठी असामान्य प्रतिभा लागत नाही. लागते ते सातत्य, आणि समाजात आज दुर्मीळ झाले आहे ते नेमके हेच.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. तेथील फुटबॉल रुजला तो पेठापेठांतील तालमींच्या आधाराने. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे कुस्तीच्या परंपरेची आठवण देतात; पण शाहू स्टेडियमवर हीच नावे घेऊन फुटबॉलचे संघ उतरतात आणि प्रेक्षागारे भरतात. संघ पेठेचा असतो. म्हणून तो टिकवण्याचे उत्तरदायित्वही पेठेकडे येते. एक पिढी खेळते, दुसरी शिकवते, तिसरी वर्गणी काढते. अर्थात पेठेचा अभिमान अतिरेकाला गेला की मैदानावर हाणामारीही होते, हे कोल्हापूरकरांनाही ठाऊक आहे. म्हणूनच मुलांना चेंडू मारायला शिकवणारा माणस जितका आवश्यक, तितकाच पराभव पचवायला शिकवणारा आवश्यक. हे दुसरे शिक्षण कोणत्याही शुल्कपत्रकात नसते.

शहरांतून आता सशुल्क प्रशिक्षण केंद्रे निघाली आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. शिकलेल्या प्रशिक्षकाला योग्य मानधन मिळालेच पाहिजे. निष्ठेच्या नावाखाली कोणाचे श्रम फुकट वापरणे हा संस्कार नव्हे. पण ज्या घरात शुल्क भरण्याची ऐपत नाही, त्या घरातील मुलाने कोठे जावे? मध्यमवर्गीय पालक आपल्या मुलाला गाडीतून केंद्रावर सोडतो आणि भिंतीपलीकडच्या वस्तीतील त्याच वयाचा मुलगा रस्त्यावर खेळतो. दोघे एका संघात कधीच येत नाहीत. एकत्र खेळलेली मुले मोठेपणी एकमेकांना परकी मानत नाहीत. सामाजिक समरसतेवर शंभर व्याख्याने देण्यापेक्षा एका संघात दहा वर्षे खेळणे अधिक परिणामकारक आहे. मोफत, सर्वांना खुला असलेला क्लब बंद पडतो तेव्हा केवळ एक संघ बुडत नाही. हे एकत्र येण्याचे ठिकाणच नाहीसे होते.

आणि असे क्लब बंद पडतात, ते बहुधा पैशांअभावी नव्हे, तर माणसाअभावी. तीस-चाळीस वर्षे एकाच व्यक्तीने सारे वाहिलेले असते. किल्ली तिच्याजवळ, हिशेबाची वही तिच्याजवळ, पालकांची ओळखही तिच्याजवळ. ती थकली की क्लब थकतो. आजन्म सेवेचा गौरव करताना हे कटू सत्य सांगितले पाहिजे की, आपण जागा सोडल्यावर काम चालू राहील अशी व्यवस्था करणे हा त्या सेवेचाच उत्तरार्ध आहे. बारसे सरांच्या कामात त्यांचा मुलगा सहभागी झाला, म्हणून त्या कामाला पुढची पिढी लाभली. पण प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरातून वारस मिळेलच असे नाही. तो समाजाने द्यायचा असतो.

तेव्हा आपल्या वस्तीजवळ मुलांचा एखादा क्लब धडपडत असेल तर देणगीची पावती फाडून समाधान मानू नये. लेखापालाने महिन्यातून एकदा हिशेब लिहून द्यावा. डॉक्टरांनी मोसमाच्या आरंभी मुलांची तपासणी करावी. निवृत्त शिक्षकाने सरावानंतर तासभर गणित घ्यावे. महाविद्यालयीन तरुणाने आठवड्यातील दोन सकाळी मैदानाला द्याव्यात आणि त्या वर्षभर पाळाव्यात. एका माणसाने चाळीस वर्षे वाहिलेला भार चाळीस माणसांनी वाटून घेतला तर तो कोणालाच जड होणार नाही. आजन्म व्रत घेणारी माणसे विरळाच जन्मतात. परंतु त्यांचे व्रत अर्ध्यावर तुटू न देणे हे सर्वसामान्य गृहस्थाच्याही आवाक्यातील काम आहे.