वाटेवरची ओळख



गेल्या पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. नंदगडहून खानापूरकडे मी सायकलीवरून चाललो होतो. ही सायकल माझ्या आधीच्या धर्मगुरूंनी मागे ठेवलेली; जुनी, पोलादी व वजनदार. चढावर प्रत्येक फेऱ्याला उजव्या पायाखाली 'टक' असा आवाज होई. इतक्यात मागून हाक आली, "फादर, थांबा! कॉटर ढिला झालाय."

वळून पाहतो तो सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी गृहस्थ आपली सायकल हाती धरून उभे. माझा झगा पाहून त्यांनी मला ओळखले असेल. परंतु सायकलीचे दुखणे ओळखले ते केवळ आवाजावरून. कॉटर म्हणजे पायडलचा दांडा आसावर घट्ट धरणारी पाचरीसारखी खीळ. त्यांनी खाली एक दगड टेकू दिला, दुसऱ्याने ती ठोकली, आणि पिशवीतला पाना काढून नट आवळला.

मग माझे लक्ष त्यांच्या सायकलीकडे गेले. जुनी रॅले, दांड्यांचे ब्रेक, मागच्या चाकाच्या तुंब्यात तीन गतींचे यंत्र. अशा तुंब्यावर सालाचे दोन आकडे व महिन्याचा आकडा कोरलेला असतो. मी अंगठ्याने तेलकट मळ पुसला. ५२ आणि ३.

"काका, हा तुंबा मार्च १९५२ मध्ये इंग्लंडात, नॉटिंगहॅमला तयार झालेला आहे."

ते क्षणभर गप्प राहिले. "माझ्या जन्माआधीची आहे, एवढंच वडील सांगत," ते म्हणाले. "आज भंगारात द्यायला निघालोय. गुडघे चालत नाहीत. मुलांकडे मोटारसायकली आहेत. किलोच्या भावानं जाईल."

आम्ही झाडाखाली बसलो. इटलीत कोमो सरोवराजवळच्या घाटमाथ्यावर गिसाल्लोच्या मातेचे लहानसे देऊळ आहे, हे मी त्यांना सांगितले. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तेथील भिंतींवर नामवंत स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांतील जीनो बार्ताली यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९४३-४४ मध्ये, जर्मन अंमलाखालील इटलीत, त्यांनी छळ होत असलेल्या यहुदी लोकांसाठी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या पोकळ पोलादी नळीत दडवून फ्लॉरेन्स व असिसी यांच्या दरम्यान नेली. हयातीत त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. २००० साली ते निवर्तले. इस्राएलने त्यांचा गौरव केला तो २०१३ मध्ये.

त्याच देशात गायोले या गावी १९९७ साली ९२ स्वार जुन्या सायकली घेऊन कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून निघाले. आता तेथे दरवर्षी हजारो जमतात. सायकल १९८७ पूर्वीची हवी, असा नियम आहे. अनोळखी माणसे आधी एकमेकांच्या सायकलीकडे पाहतात, मग चेहऱ्याकडे. आणि तेवढ्यावरून बोलणे सुरू होते.

"मग आपलंही तसंच झालं की!" काका हसले.

पोलादाचा हा एक मोठा गुण. नळी वाकली तर सरळ करता येते, सांधा सुटला तर पितळेचा डाख देता येतो. म्हणूनच अशी सायकल तीन पिढ्या टिकते, मात्र तिची विचारपूस करणारा कोणी हवा. माणसांचेही काही वेगळे नाही. त्या गृहस्थांना त्या दिवशी किंमत सांगणारे पुष्कळ भेटले असते. साल सांगणारा बहुधा भेटला नसता. आणि त्यांनी हाक मारली नसती तर माझा दांडा उतारावरच निसटला असता.

उठताना ते म्हणाले, "आज राहू दे. पुढच्या बाजाराला पाहू."

त्यानंतर कितीतरी बाजार होऊन गेले. परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. सायकल पडवीतच आहे, आणि शाळेत जाणारा नातू तिच्या चाकांना तेल घालीत होता.

वाचकहो, वाटेत कोणाच्या सायकलीची टकटक ऐकू आली, तर हाक मारण्यास संकोच करू नका.