सुटं नाणं की अख्खा गोळा?

नाणी जमवणं हा रिटायर झालेल्या काकांचा छंद, असं आमच्या विंगचं ठाम मत आहे. पण 'बुडालेल्या जहाजातलं चांदीचं नाणं' म्हटलं की तीच मंडळी कान टवकारतात. खरं असतं का रे? केवढ्याला पडतं? सर्टिफिकेट देतात ना? मी सातवीपासून नाणी जमवतोय आणि त्यात मेटलर्जीला आहे, त्यामुळे हे सगळे प्रश्न माझ्याच रूमवर येतात. माझं उत्तर कुणाला आवडत नाही, म्हणून इथे सविस्तर देतो: असं सुटं नाणं मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये.

का, ते एका उदाहरणावरून सांगतो. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ग्रेट बासेस नावाचे खडक आहेत, त्यांच्यावर दीपगृह आहे. मार्च १९६१ मध्ये तिथे माइक विल्सन नावाचा पाणबुड्या फिल्मचं शूटिंग करत होता. विज्ञानकथावाल्या आर्थर क्लार्कचा हा जोडीदार. पाण्याखाली त्याला तोफा दिसल्या आणि चांदीचे रुपये सापडले. १९६३ मध्ये नीट तयारीने पुन्हा काम झालं. पोलिओमुळे क्लार्कला तेव्हा खाली उतरता आलं नाही, त्याने ते वरूनच पाहिलं आणि १९६४ मध्ये त्यावर 'द ट्रेझर ऑफ द ग्रेट रीफ' हे पुस्तक लिहिलं.

ते रुपये आपल्या ओळखीच्या बादशहाचे निघाले. औरंगजेबाचे, सुरत टांकसाळीचे, हिजरी १११३ चे. म्हणजे इसवी सन १७०१-०२. हे रुपये पाडले जात होते तेव्हा बादशहा स्वतः सह्याद्रीत विशाळगडाला वेढा घालून बसला होता!

पण खरी गंमत रुपयांत नाही, गोळ्यांत आहे. नाणी पिशव्यांत भरलेली होती. कापड कुजून गेलं, पण नाणी एकमेकांना चिकटून पिशवीच्याच आकाराचा दगड झाला. एका गोळ्यात हजाराच्या आसपास रुपये. एक रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे गोळा साडेअकरा किलोच्या घरात. आता हा गोळा काय काय सांगतो बघा. एकच टांकसाळ आणि एकच साल, म्हणजे हे पैसे बाजारात फिरलेलेच नाहीत, टांकसाळीतून निघाले ते थेट जहाजावर चढले. व्यापाऱ्याने इकडून तिकडून गोळा केलेली रक्कम असती तर दहा सालं आणि चार गावं मिसळलेली दिसली असती. जहाज कधी बुडालं याचा अंदाजही त्यावरूनच बांधता येतो. आणि मोठ्या रकमा हजाराच्या थैलीने मोजायची रीत तर समोर दगडात गोठलेली आहे.

आता गोळा फोडा आणि हजार गिऱ्हाइकांना एकेक रुपया विका. प्रत्येकाच्या हातात काय राहतं? औरंगजेबाचा एक सुरती रुपया. तो जमिनीवरचाही मिळतो आणि सहसा जास्त चांगल्या अवस्थेत मिळतो!

हे 'अवस्थे'चं प्रकरण आमच्या विषयातलं आहे, म्हणून थोडं थांबतो. समुद्रात चांदीवर क्लोराइड आणि सल्फाइड चढतं, नाणं काळं पडतं, फुगतं, अक्षरं जातात. चांदीत तांबं मिसळलेलं असेल तर आधी तांबं खाल्लं जातं. गोळ्यात मात्र बाहेरची नाणी मार खातात आणि आतली वाचतात. साफ करताना नाण्याला कॅथोड करून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बारीक करंट सोडतात. सावकाश केलं तर त्या काळ्या थरातली थोडी चांदी परत धातू होते. घाई केली तर थर सोलून निघतो आणि त्याबरोबर अक्षरंही. (होस्टेलच्या मोबाइल चार्जरवर हा प्रयोग कृपया नको.) असं झिजलेलं नाणं महाग विकलं जातं ते सोबतच्या कागदामुळे. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजाची नाणी तर किती झिजली त्यावर नंबर लावून, सर्टिफिकेटसकट विकली गेली.

यावर रूमपार्टनरचा मुद्दा असा, की विकायची सोय नसेल तर शोधायला जाईल कोण? मुद्दा खोटा नाही. मेल फिशरने आतोचाचा मुख्य साठा १९८५ मध्ये गाठला तो सोळा वर्षं शोधून. त्यात १९७५ मध्ये त्याचा मुलगा आणि सून गेले. एवढी किंमत मोजलेल्या माणसाला 'फुकट दे' म्हणायची माझी हिंमत नाही. पण १८०४ मध्ये बुडालेल्या 'मर्सिडीज'ची जवळपास सहा लाख नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये वर काढली, तेव्हा स्पेन कोर्टात गेला आणि २०१२ मध्ये सगळा साठा एकत्र परत घेऊन आला. ही नाणी सुटी झाली नाहीत, एवढ्यासाठी मी स्पेनच्या बाजूने आहे.

मात्र सरकारच्या हाती पडलं म्हणजे वाचलं, असंही नाही. 'सिटी ऑफ कैरो' ही बोट ऑक्टोबर १९४२ मध्ये आपल्या मुंबईहून निघाली. पोटात सुमारे १०० टन चांदीची नाणी, लंडनला चाललेली. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली, शंभरावर माणसं गेली. सगळे रुपयेच धरले तर हिशोब पंचाऐंशी लाखांच्या आसपास येतो. ५,१५० मीटर खोलीवरून त्यातली कित्येक टन चांदी २०१३ मध्ये वर आली. तंत्रज्ञान म्हणून सलाम! पुढे काय झालं? नाणी वितळवून चांदी विकली आणि पैसे ब्रिटिश सरकार आणि कंपनीने वाटून घेतले. आपल्याकडून गेलेल्या नाण्यांचा तो शेवट वाचून मी त्या दिवशी मेसला गेलो नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

तरीही चांदीचं जुनं नाणं हातात धरायची हौस असेलच, तर दिवाळीत घरी गेल्यावर लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात बघा. बऱ्याच घरांत एखादा राणीछाप रुपया निघतो. ११.६६ ग्रॅम, म्हणजे तेव्हाचा बरोब्बर एक तोळा. त्याची भावंडं 'सिटी ऑफ कैरो'च्या पेट्यांत असूही शकतील. कुणी दिला, कधीपासून घरात आहे, ते आजीला विचारून लिहून ठेवा आणि सुट्टीनंतर घेऊन या, लॅबच्या तराजूवर वजन करू. फक्त रविवारी नको. त्या दिवशी मेसला अंडाकरी असते आणि अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.