धक्का कोणी सोसायचा?

यंत्रमागाच्या दुखण्यावर बोलायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. सुताचा भाव चढला, विजेचा दर वाढला, सुरतच्या कापडानं बाजार खाल्ला, नोटबंदीनं रोकड गेली, जीएसटीनं उरलंसुरलं नेलं. मालेगाव-भिवंडीतल्या कुठल्याही हॉटेलात चहा निवायच्या आत ही सगळी यादी ऐकून होते, आणि त्यातली बहुतेक तक्रार खरी आहे. उर्दू अखबार हेच लिहितात, पुढारी हेच बोलतात. पण या यादीत एक वस्तू मला कधी सापडली नाही. मागावरचा पट्टा. यंत्रमागाच्या धंद्यात मालक आणि मजूर यांचं नातं काय आहे हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्यानं सरकारी धोरणाच्या आधी तो पट्टा बघावा, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी माग जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या मागावर ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे फट पडते आणि त्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. त्याला दर वेळी फटका मारावा लागतो. एक लाकडी दांडा, त्याला जोडलेला पट्टा, आणि धोट्याला प्रत्यक्ष ढकलणारा पिकर, अशी ती व्यवस्था असते. धोट्याचं वजन साधारण ४०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला १२ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ४० किलोमीटरहून जास्त. एवढ्या वेगानं आलेला लाकडाचा ठोकळा, ज्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असते, समोरच्या पेटीत हातभर अंतराच्या आत थांबवायचा असतो. आधी पेटीच्या बाजूची, स्प्रिंगनं दाबलेली पट्टी त्याला घासून वेग कमी करते. उरलेला धक्का पिकर, त्याच्यामागचा बफर आणि चेक स्ट्रॅप नावाचा एक पट्टा झेलतो. पट्टा थोडा सरकतो, थोडा ताणला जातो आणि धोटा न उसळता जागेवर बसतो. लगेच त्याला उलटा फटका बसतो.

हे मिनिटाला १४० वेळा होतं असं धरा. बारा तासांच्या पाळीत हिशेब १,००,८०० वर जातो. धागा तुटणं, कांडी बदलणं यात पाव वेळ गेला असं मानलं तरी एका मागावर एका पाळीत ७५ हजार धक्के होतात. एक माणूस सहा माग सांभाळत असेल तर त्याच्या अवतीभवती साडेचार लाख. हे सगळे धक्के कुणीतरी सोसतंच. पट्टा चांगला असेल तर पट्टा सोसतो. पट्टा झिजलेला, ताठरलेला, फाटून तारेनं बांधलेला असेल तर पुढे जे काही आहे ते सोसतं.

पुढे काय असतं? धोटा नीट थांबला नाही की पेटीत उसळी मारून मागे येतो. मग पुढचा फटका त्याला पुरता लागत नाही आणि तो ताण्याच्या मधेच अडकतो; शेकडो धागे एकदम तुटतात आणि ते एकेक करून जोडत बसावं लागतं. हादऱ्यानं कांडीवरचं सूत घसरून गुंता होतो, कापडात दोष येतो. कधी धोटा वाट सोडून मागाबाहेर उडतो, आणि समोर डोळा असेल तर डोळा जातो. शिवाय धातूवर लाकूड आदळल्याचा आवाज वाढतो, तो वेगळाच.

आता पैशाचा हिशेब करू. मागावरच्या मजुराला बहुतेक ठिकाणी महिन्याचा पगार नसतो. जेवढं कापड निघालं तेवढी मजुरी. माग बंद पडला की मीटर बंद. तुटलेला ताणा जोडण्यात गेलेले दोन तास मजुराच्या खिशातून जातात. कापडात दोष निघाला तर कपातही त्याच्याच मजुरीतून. म्हणजे पट्टा बदलायचा की नाही हे ठरवणार मालक, आणि न बदलल्याची किंमत मोजणार मजूर. असा व्यवहार असेल तर मालकाला पट्टा बदलण्याची घाई का असावी? मग मजूर स्वतःच काहीतरी जुगाड करतो. जुन्या टायरचा तुकडा लावतो, चिंध्या गुंडाळतो, जॉबरच्या हातापाया पडतो. आपल्याकडे याला ‘कारीगर हुशार आहे’ असं म्हणतात. ही हुशारी नाइलाजाची आहे, आणि तिचं कौतुक करणारा माणूस बहुधा मागाचा मालक असतो.

मजुरीचं नुकसान निदान दिसतं. कानाचं दिसत नाही. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. आपल्या कारखाना नियमांतली आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे, आणि १०० डेसिबलमध्ये जेमतेम दोन तास. आपला मजूर त्यात बारा तास उभा असतो, आठवड्याचे सहा दिवस, वीस-पंचवीस वर्षं. या आवाजानं बहिरेपण एका दिवसात येत नाही. आधी बारीक, चढे आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ हे वर्ण विरतात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि त्यावर औषध नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे याची एक बाजू माझ्यासमोर नेहमी येते. पालकसभेला आलेले वडील समोर बसतात, मान हलवतात, ‘जी सर, जी सर’ म्हणतात, आणि मुलगा शेजारून तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगतो तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं की मी काय बोललो. घरी सगळे ओरडून बोलतात म्हणून मुलं वर्गातही ओरडून बोलतात. बाहेरचे लोक हसतात की या गावची माणसं भांडल्यासारखी बोलतात. आपणही हसतो, जणू तो आपल्या मोहल्ल्याचा स्वभावच आहे. तो स्वभाव मागानं घडवलेला आहे.

‘कायदा आहे ना’, असं कुणी म्हणेल. आहे. आवाजामुळे येणारं बहिरेपण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेलं होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहे. पण भरपाई मागायची तर आधी सिद्ध करावं लागतं की हा माणूस या मागावर कामाला होता. नियुक्तीपत्र नाही, हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. आज या शेडमध्ये, पुढच्या महिन्यात त्या शेडमध्ये. सिद्ध काय करणार? कारखाने कायद्याचीही तीच गत. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना धरत असत. म्हणून एका छपराखालचे माग कागदावर तुकड्या-तुकड्यांनी भाऊ, मुलगा, बायको यांच्या नावावर गेले. २०२० च्या नव्या संहितेनं ही संख्या दहावरून वीसवर नेली. जे काल पळवाटेनं सुटत होते ते आता राजमार्गानं सुटतील.

इथपर्यंत लिहिलं की आपल्याकडचे बरेच वाचक खूश होतात, कारण दोष सरकारकडे जातो. म्हणून पुढचं जरा स्पष्ट लिहितो.

मालेगाव आणि भिवंडीतल्या मोमीन-अन्सारी विणकरांचे पूर्वज उत्तरेतून आले. १८५७ च्या बंडानंतरची धरपकड आणि नंतरचे दुष्काळ यांनी त्यांना हातमागासकट दक्षिणेकडे लोटलं. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागानं घेतली. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर तिथलं काम भिवंडीसारख्या गावांकडे वळलं आणि गिरण्यांचे जुने मागही भंगाराच्या भावानं आपल्या गल्ल्यांत आले. गिरणीत त्या मागांबरोबर युनियन होती, आठ तासांची पाळी होती, तपासायला येणारा निरीक्षक होता. आमच्याकडे माग तेवढे आले. बाकीचं सगळं मुंबईतच राहिलं, आणि ते राहिल्याची खंत आमच्या मालकांना कधी वाटली नाही, कारण कापड स्वस्त पडण्याचं तेच कारण होतं.

आज अनेक शेडमध्ये मालक आणि मजूर एकाच मशिदीत, एकाच सफीत नमाज पढतात. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण सफीतली ही बराबरी शेडच्या दारात का थांबते? मजुरानं हक्काची गोष्ट काढली की ‘अपने ही लोग हैं’ म्हणून त्याला गप्प केलं जातं. अपने लोग असतील तर त्यांचे कान आपले नाहीत का? इचलकरंजीत मालक बहुतेक हिंदू आहेत आणि तिथेही धोट्याच्या मागाचा आवाज हाच आहे. तेव्हा हा दोष कुठल्या धर्माचा नाही, धंद्याचा आहे. पण आपण तर दर जलशात सांगतो की आमचा दीन धंद्यालाही लागू होतो. मग तो लागू करून दाखवा.

रमजानमध्ये याच मालकांकडून रेशनच्या पिशव्या निघतात. जकात, फित्रा, इफ्तार, कुणाच्या मुलीच्या लग्नाला मदत. देणाऱ्याच्या नियतीवर मी बोट ठेवत नाही. पण मजुराचं देणं जकातीतून फेडता येत नाही, हे फिक्हचं अगदी प्राथमिक ज्ञान आहे. मदरशातलं पोरही सांगेल. सुरक्षित माग हे मजुराचं देणं आहे. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची हदीस आपण सगळ्यांना ऐकवतो. मजुरी दिली आणि बदल्यात कान घेतले, तर तो सौदा कुठल्या हदीसमध्ये बसतो, हे एखाद्या मौलाना साहेबांनी जुम्याच्या बयानात एकदा तरी सांगावं.

मालकांची बाजू मला माहीत आहे. छोटा मागवाला स्वतःच दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देतो. भाव व्यापारी ठरवतो, सुताची उधारी डोक्यावर असते. बारा-सोळा मागांचा मालक आणि त्याचा मजूर यांच्या घरात फार फरक नसतो. खरं आहे. पण म्हणूनच मी रॅपियर मागत नाही, वातानुकूलित शेड मागत नाही. मी पट्टा मागतो आहे. वेळेवर बदललेला पट्टा, पिकर आणि बफर यांनी माग कमी थांबतो, ताणा कमी तुटतो, कापड बिनडाग निघतं. यात मालकाचंही नुकसान नाही. तरीही तो बदलला जात नाही, याचं कारण गरिबी नाही. थांबलेल्या मागाचा खर्च आयता दुसऱ्यावर ढकलता येतो, हे कारण आहे.

दुसरं उत्तर हमखास मिळतं: धोट्याचे माग आता जाणारच, बिनधोट्याचे येतील, मग हा प्रश्नच राहणार नाही. येतील तेव्हा येतील. त्यांची किंमत लाखांत आहे आणि ते आले की एक माणूस जास्त माग चालवील, म्हणजे आजच्या कितीतरी मजुरांना घरी पाठवलं जाईल. हातात काम नाही आणि कानात आवाज नाही, असा माणूस तेव्हा कुठे जाईल? केंद्र सरकारची साध्या मागांना सुधारित भाग बसवण्यासाठी अनुदानाची योजना होती. २०१७ च्या ‘पॉवरटेक्स इंडिया’तही ती होती. आमच्या किती मालकांनी तिच्यासाठी अर्ज केले आणि किती संघटनांनी तिचे कागद मजुराला समजेल अशा भाषेत लावले, हा प्रश्न संघटनांच्या पुढच्या सभेत विचारावा.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पट्टा, पिकर, बफर ठरलेल्या मुदतीनं मालकाच्या खर्चानं बदलावेत आणि त्याची वही शेडमध्ये असावी. मागाच्या दोषामुळे गेलेल्या वेळेची मजुरी कापू नये. धोटा उडू नये म्हणून मागावर जाळी असावी, मागाच्या पायांखाली रबराच्या गाद्या असाव्यात. प्रत्येक मजुराला नावाचं आणि तारखेचं एक साधं पत्र द्यावं, ज्याच्या जोरावर तो उद्या भरपाई मागू शकेल. कानात घालायची बोळी द्यावीत, आणि मालक संघटनांनी वर्षातून एकदा सगळ्यांच्या कानांची तपासणी करावी. डोळ्यांची शिबिरं आपण भरवतोच. कानांचं एक भरवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि हे सगळं सांगणारं एक पान उर्दू, मराठी आणि हिंदीत शेडच्या दारावर लागावं. ते पान मी लिहून देतो, तिन्ही भाषांत, फुकट. लावायला दार मालकानं द्यावं.

सरकारनं सूत स्वस्त करावं, वीज स्वस्त करावी, यासाठी आपण मोर्चे काढतो, काढत राहू. पण सरकारकडे जाताना ज्या मजुरांची गर्दी आपण पुढे करतो, त्यांना त्या मोर्चातल्या घोषणा तरी नीट ऐकू येतात का, हे कधीतरी मागे वळून विचारा.